आधी तळ पाहा

दिवाळीला काहीतरी चमकदार लिहा, असा संपादकांचा तगादा आला. माझ्यापाशी चमकदार अशी वस्तू एकच आहे: १९४८ सालची, १७ फूट लांबीची, महोगनी लाकडाची ख्रिस-क्राफ्ट मोटारबोट. पण तिच्या चमकण्यावर भाळूनच मी फसलो होतो. तेव्हा ते फसणेच सांगतो.

आम्ही राहतो अमेरिकेत, मिशिगनमध्ये. इथे जिकडे पाहावे तिकडे तळी. याच राज्यात सेंट क्लेअर नदीकाठी अल्गोनॅक नावाचे गाव आहे. तिथे ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ आणि त्याच्या मुलांनी या बोटींचा कारखाना थाटला. पुढे फायबरग्लास आले आणि १९७१ च्या सुमारास लाकडी बोटींचे पर्व संपले. उरलेल्या बोटी गोठ्या-गोदामांत धूळ खात पडल्या. अशीच एक मी घेतली. वार्निश असे, की त्यात तोंड पाहून भांग पाडावा!

शेजारी एक म्हातारे सुतार राहतात. बोट घरी आणताच ते हातात आरी घेऊन थेट तिच्याखाली शिरले. वरच्या वार्निशकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. तळाच्या फळीला आरी टेकवली, तर ती लोण्यात शिरावी तशी मुठीपर्यंत आत गेली. "हं," एवढेच ते म्हणाले. त्या एका 'हं'ची किंमत मला दोन हिवाळे पडली.

या बोटींचा तळ दुहेरी फळ्यांचा. मधे चिकट लुकणात भिजवलेले कॅनव्हास. पावसाचे पाणी आत साचून राहिले, की लाकूड आतून कुजते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडी बूच. ते कोरून काढायचे, स्क्रूची खाच साफ करायची, मग तो फिरवायचा. असे शेकडो स्क्रू!

तळ उघडला आणि वाद उभा राहिला. जुन्या रीतीचा तळ पाण्यात टाकला की आधी गळतो. लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत काही दिवस पंप चालवत बसावे लागते. नव्या रीतीत दोन थरांमध्ये रबरासारखे लवचिक डिंक भरतात. पाणी आत येतच नाही. म्हातारबाबा जुन्या पक्षाचे. "मग ती तीच बोट राहील का?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "माझी नात हिच्यात बसणार आहे." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तर तुझंच बरोबर."

जुन्या बोटींच्या हौशी लोकांची १९७५ साली स्थापन झालेली एक संस्था आहे. डेक आणि बाजू यांचे निदान ६० टक्के लाकूड मूळचे असेल, तर तिच्या हिशेबी बोट 'जतन केलेली' ठरते. मी वरचे सारे लाकूड राखले, तळ मात्र नवा घातला.

इंजिन सहा सिलिंडरांचे, ९५ अश्वशक्तीचे, पण पार जाम. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडले, आठ दिवस थांबलो, मग फ्लायव्हील हातानेच हळूहळू हलवले. स्टार्टरने जबरदस्ती केली असती तर काहीतरी मोडलेच असते.

या इंजिनाला थंडावा तळ्याच्याच पाण्याचा. ते पाणी हिवाळ्याआधी काढावे लागते. नाहीतर त्याचे बर्फ होऊन बिडाचा ब्लॉक तडकतो. पहिल्या वर्षी मी तोटी उघडली. थेंबही आला नाही. झाले रिकामे, म्हणून मी हात झटकले. म्हातारबाबांनी तोटीत तार खुपसली. गंजाचा गोळा सुटला आणि पाण्याची धार लागली! तेव्हापासून कोरड्या तोटीवर माझा विश्वास नाही.

आता नात बोटीत बसली, की मी किल्लीला हात लावत नाही. आधी इंजिनावरचे झाकण उघडून वास घेतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या पोटात साचते, आणि मग एक ठिणगी पुरे. वास आला तर गळती शोधल्याखेरीज पुढे जायचे नाही. नसला, तरी पंख्याने आतली हवा बाहेर काढायची आणि मगच इंजिन सुरू करायचे. नातीला हे इतके पाठ झाले आहे, की परवा तीच नाक खुपसून म्हणाली, "आजोबा, वास नाही. पंखा लावा!"

काठावरचे लोक वार्निशची वाहवा करतात. मी मान डोलावतो. पण माझे कान असतात तळाकडे.