आपल्या नावाने

मैत्रिणींनो,

कोलंबिया म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींना बाबासाहेबांचं न्यूयॉर्कमधलं विद्यापीठ आठवतं. मला आज दुसऱ्या एका कोलंबियाबद्दल बोलायचं आहे. अमेरिकेच्या मध्यावर, मिसुरी राज्यातलं, विद्यापीठाच्या आधारानं वाढलेलं हे गाव.

१९२३ साली या विद्यापीठात जेम्स स्कॉट नावाचा कृष्णवर्णीय सफाई कामगार होता. जर्मन भाषेच्या एका प्राध्यापकांच्या चौदा वर्षांच्या मुलीवर हल्ला झाला. तिनं ओळखलं म्हणून स्कॉटला अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच, २८ एप्रिलच्या रात्री, जमावानं तुरुंग फोडला आणि त्याला पुलावरून फासावर लटकवलं. मी निर्दोष आहे, दुसऱ्या एका कैद्यानं माझ्याजवळ कबुली दिली आहे, असं तो सांगत होता. मुलीचे वडील स्वतः पुढे आले. कायद्याला त्याचं काम करू द्या, म्हणून विनवू लागले. जमावानं त्यांनाच धमकावलं. बघ्यांत विद्यापीठाचे विद्यार्थी होते, विद्यार्थिनीही होत्या. पुढे जमावातल्या एका प्रतिष्ठितावर खटला चालला आणि तो सुटला.

मुलीच्या अब्रूसाठी जमलेल्या माणसांनी मुलीच्या बापाचंही ऐकलं नाही. मग ते कोणासाठी जमले होते? इडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईनं एकतीस वर्षं आधी हाच प्रश्न विचारला होता. मेम्फिसमध्ये तिच्या तीन परिचितांना जमावानं मारलं, तेव्हा १८९२ मध्ये तिनं अशा घटनांचा तपास केला आणि दाखवून दिलं की बलात्काराचा आरोप हे बहुतेक वेळा निमित्त असतं. खरा हेतू काळ्या माणसाला त्याची जागा दाखवण्याचा असतो. तिच्या वृत्तपत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. काळ्या बाईवर गोऱ्यानं केलेल्या अत्याचारासाठी मात्र कोणीही तुरुंग फोडायला गेलं नाही, हेही तिनं लिहून ठेवलं.

त्याच विद्यापीठाचे दरवाजे काळ्या मुलामुलींना बंदच होते. १९३९ मध्ये ल्युसिल ब्लूफोर्डला पत्रकारितेच्या उच्च शिक्षणासाठी पत्रानं प्रवेश मिळाला. ती समोर उभी राहिली तेव्हा तिचा रंग दिसला आणि प्रवेश नाकारला गेला. ती कोर्टात गेली. युद्धाच्या काळात विद्यापीठानं तो अभ्यासक्रमच थांबवला, पण तिला घेतलं नाही. त्याच विद्यापीठानं १९८९ मध्ये तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. पहिले काळे विद्यार्थी तिथं शिकू लागले ते १९५० मध्ये.

म्हणूनच २०१५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या गटाच्या नावात १९५० हे साल घातलं. वाटेत शिवीगाळ होत होती, एका वसतिगृहाच्या भिंतीवर विष्ठेनं स्वस्तिक काढलं गेलं, आणि अध्यक्ष ऐकून घेत नव्हते. त्यांनी मिरवणुकीत अध्यक्षांची गाडी अडवली. एका विद्यार्थ्यानं उपोषण धरलं. फुटबॉल संघातल्या काळ्या खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि दोनच दिवसांत, ९ नोव्हेंबरला, अध्यक्षांनी राजीनामा दिला. जगानं उपोषणकर्ता आणि खेळाडू पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी, फर्ग्युसनमध्ये पोलिसांच्या गोळीनं मायकेल ब्राऊन मारला गेल्यावर, याच आवारात मुलामुलींना एकत्र आणणाऱ्या काळ्या मुली किती जणांना आठवतात? चळवळीत सतरंज्या घालणाऱ्या आणि फोटोत नसणाऱ्या बायका आपल्याला नव्या नाहीत.

मिळवलेलं टिकवणंही त्यांच्याच वाट्याला येतं. विषमतेविरुद्ध काम करणारा विद्यापीठाचा विभाग २०२४ मध्ये बंद करण्यात आला.

हे सारं दूरचं वाटत असेल, तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली ते आठवून पाहा. आणि दुसरी आठवण माझी स्वतःची.

चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत नळावर जाणाऱ्या मुलीची छेड काढली गेली. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या पोरांनी कडेच्या पालांवरच्या एका पारधी मुलाला बेदम मारलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोर्चा काढला. घोषणा दिल्या, निवेदन दिलं. पालांवर आमच्यापैकी कोणीही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती मुलगी केंद्रात आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, तो नव्हता. आमच्याच गल्लीतला होता." आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही."

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई. ऐकून कसं घ्यावं, हे मला दोन वर्षं शिकवलं गेलं. तरीही त्या दिवशी मी तिचं ऐकलं नव्हतं, जमावाचं ऐकलं होतं. मारहाण करणारी पोरं आपल्या बाजूची आहेत, असं मला वाटलं होतं. खरा गुन्हेगार आजही त्याच गल्लीत राहतो.

बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, ही आपली भूमिका मी सोडणार नाही. आपण ती मोठ्या कष्टानं मिळवली आहे. पण तो शब्द आधी तिच्या तोंडून ऐकायला हवा, आणि तिच्या नावानं कोणी दगड उचलला तर तो आपणच अडवायला हवा. कोलंबियातल्या त्या चौदा वर्षांच्या मुलीला तरी कुठं न्याय मिळाला? ज्याचा खटला चालायचा होता तोच मारला गेला, आणि खरं काय घडलं ते कोर्टापुढे कधी आलंच नाही.

तुमच्या गटापुढे असा प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केलंत? चुकलं असेल तर तेही लिहा. पुढच्या अंकात आपण तीच पत्रं छापू.

तुमची मैत्रीण