कटर मशीन जुनी घ्या, पण दात बघून



तुरीच्या राशी झाल्या, हरभरा घरात आला, की आपल्या भागात सरपणाची गडबड सुरू होते. मृगाच्या आत लाकूडफाटा वाळून आडोशाला लागला पाहिजे. पूर्वी या कामाला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत पुरत होती. आता करवतीच्या दुसऱ्या टोकाला धरायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी लाकडाच्या किमतीवर जाते. म्हणून पेट्रोलची चेन सॉ, म्हणजे आपण जिला कटर मशीन म्हणतो, ती घ्यावी असे पुष्कळांच्या मनात येते. नवी घ्यावी की जुनी, हा खरा प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत असे की, सात-आठ हजारांच्या नव्या बिननावाच्या मशीनपेक्षा चांगल्या बनावटीची वापरलेली मशीन बरी. स्वस्त मशीन मोबाईलवरची जाहिरात बघून मागवली जाते. पट्टी लांबलचक, इंजिनाचा आकडा मोठा, दिसायला झकास. पण कार्बोरेटरमधला एक पातळ पडदा फाटला की ती खुंटीला लागते, कारण तिचा सुटा भाग कोणाकडेच नसतो. उलट जर्मनीची स्टिल किंवा स्वीडनची हस्कवर्ना यांसारख्या मशीनची साखळी, पट्टी, पिस्टन सुटे मिळू शकतात. तेव्हा सौदा करण्याआधी उदगीर नाहीतर लातूरला जाऊन एकच चौकशी करा : या मॉडेलचे सामान इथे मिळते का? नसेल मिळत तर ती मशीन फुकट दिली तरी महागच.

आता पारख. जुनी वस्तू कशी घ्यावी हे देवणीच्या माणसाला नव्याने शिकवायला नको. ज्यांच्या तालुक्याच्या नावाने गाईबैलांची जात ओळखली जाते, ते हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय, चार पावले चालवल्याशिवाय पैसे मोजत नाहीत. हेडी किती का गोड बोलेना! तीच नजर मशीनवर ठेवायची.

पहिली गोष्ट, मशीन थंड असताना बघायची. गेल्याबरोबर सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा. गरम लागला तर विकणाऱ्याने ती आधीच चालू करून ठेवली आहे असे समजा, आणि दोन तासांनी परत या. थकलेले इंजिन गरम असताना सुरू होते, गार झाले की दोरी ओढून खांदा निखळतो. मग मशीन बंद ठेवून, साखळीचा ब्रेक लावून, दोरीची मूठ वर धरा आणि मशीन खाली लोंबू द्या. कॉम्प्रेशन चांगले असेल तर ती अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते. सर्रकन आली तर आत काही राहिलेले नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच कोणी करत नाही. सायलेन्सर खोलायला लावा. दोन-तीन स्क्रू असतात, पाच मिनिटांचे काम. त्या भोकातून पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत असला पाहिजे. उभे चरे दिसले तर मशीन कधीतरी बिनऑईलच्या पेट्रोलवर चालली आहे. हे असे का होते सांगतो. हे इंजिन टू-स्ट्रोक असते, त्याला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागते. काही बनावटींना लिटरला २० मिली, काहींना ४० मिली, प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. ज्यांनी लुना, राजदूत, जुनी बजाज स्कूटर चालवली त्यांना हे सांगावे लागत नाही. पण आजच्या पोरांच्या सगळ्या गाड्या फोर-स्ट्रोक. पोरगं मोटारसायकलीतून नळी लावून पेट्रोल काढतं, तसंच मशीनमध्ये ओततं, आणि थोड्याच वेळात पिस्टन बोअरला चिकटतो. अशी मशीन कशीबशी सुरू करून बाजारात आणतात. विकणारा पिस्टन दाखवायला कुरकुर करू लागला की तिथून उठावे.

मग सुरू करून बघा. मंद वेगात साखळी स्थिर राहिली पाहिजे. आपोआप फिरत असेल तर क्लच किंवा जुळणी बिघडलेली आहे. रेस देऊन पट्टीचे टोक पांढऱ्या कागदासमोर धरा, टेकवू नका. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली तर साखळीला तेल पोहोचते आहे. मुठीपुढचा ब्रेक ढकलताच साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. इथे तडजोड नको. साखळीचे दात घासून आखूड झाले असतील तर घाबरायचे कारण नाही, साखळी बदलता येते. तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. या दातांचीही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून असे दात बनवले. १९४७ पासून ते विकले जाऊ लागले आणि आजच्या साखळ्या त्याच घडणीच्या आहेत.

ग्राइंडरला साखळी जोडून झाडे कापायचे एक खेळणे हल्ली विकायला येते. ते कोणीही घेऊ नये. त्याला ना ब्रेक, ना धड मूठ. खऱ्या मशीनलाही मान द्यावाच लागतो. भर वेगात साखळी सेकंदाला वीसेक मीटर पळते. पट्टीच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली तर मशीन उसळून तोंडावर येते. गळ्यात टॉवेल आणि अंगावर धोतर ठेवून ती हातात धरू नये. बांधावरच्या बाभळीत जुन्या कुंपणाची तार, खिळा रुतलेला असतो, तो आधी बघावा. बाभूळ ओली असतानाच तुकडे करावेत. वाळली की दगड होते.

आता मुद्द्याचे बोलतो. आपल्या घरात जळण लागते तरी किती? गॅस आला, २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर तर वाडीतांड्यावर आला. चुलीला तुराट्या आहेत, त्यांना मशीन लागत नाही. जाड लाकूड लागते ते आंघोळीच्या पाण्याला आणि लग्नकार्याच्या भट्टीला. म्हणजे एका घराचे काम दोन-तीन दिवसांचे. उरलेले वर्ष मशीन रिकामी, आणि रिकाम्या मशीनला झाडे दिसू लागतात. राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत आपल्या लातूरचे नाव येते. बांधावरची चिंच नि आंबा, हीच आपली सावली आणि जनावरांचा दुपारचा आसरा. ही दोन्ही झाडे १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती आपल्या सातबाऱ्यावर का असेनात. सामायिक बांधावरच्या झाडाला तर भावाला विचारल्याशिवाय साखळी लावूच नये. कुऱ्हाडीने झाड पडायला दिवस जायचा, तेवढ्यात कोणीतरी समजूत घालायला यायचे. मशीनला पाच मिनिटे लागतात.

म्हणून चार-पाच घरांत मिळून एक मशीन घ्यावी. बारभाईची शेती होईल, असे काही जण म्हणतील. होईलही, जर ती सगळ्यांच्या हातात फिरली तर. एकाच जाणत्या माणसाकडे ती ठेवा. तोच चालवील, तोच कानस मारील. बाकीच्यांनी तासावर भाडे द्यावे, त्यातून साखळी, ऑईल आणि त्याची मजुरी निघावी. वहीत तास लिहिलेले असावेत. पावसाळ्याआधी त्याने टाकीतले मिश्रण ओतून काढावे आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, नाहीतर शिळे पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटते आणि दिवाळीनंतर दोरी ओढत बसावे लागते.