मनाला गप्प करू नका, बोलते करा

‘रोज थोडा वेळ डोळे मिटून शांत बसत जा’ असा सल्ला दिलेले बरेच पेशंट आठवड्याभरात एकच तक्रार घेऊन परत येतात. ‘डॉक्टर, डोळे मिटले की विचार दुप्पट येतात. मन काही कोरे होत नाही.’ मग ध्यान हे साधुसंतांचे काम, आपले नव्हे, असे ठरवून मंडळी मोकळी होतात. माझे मत थोडे वेगळे आहे. मन कोरे करण्याचा हट्टच सोडावा. ज्याचे मन बोलके आहे त्याने त्याचे तोंड दाबू नये, त्याच्याशी बोलावे.

यात मी नवीन काही सांगतो आहे असे नाही. समर्थ रामदासांनी मनालाच हाक मारून २०५ श्लोक रचले. लहान मूल खेळताना स्वतःशी मोठ्याने बडबडते, ते आपण कौतुकाने ऐकतो. हीच बडबड वय वाढते तशी आत जाते आणि तिचे विचारात रूपांतर होते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी मांडले. म्हणजे आतला आवाज आपल्या सर्वांनाच आहे. प्रश्न एवढाच, की तो आपल्याशी कसा बोलतो.

बहुतेकांशी तो फार वाईट बोलतो. एक बाई छातीत धडधड होते म्हणून वरचेवर येत. ई.सी.जी. काढला, रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, सगळे नॉर्मल. यजमान जाऊन आठ महिने झाले होते. रात्री पाठ टेकली की आतून एकच वाक्य सुरू होई, ‘दोन दिवस आधी मोठ्या दवाखान्यात नेले असते तर...’ आणि ते पहाटेपर्यंत चाले. मी विचारले, ‘तुमच्या धाकट्या जावेवर हा प्रसंग आला असता, तर तिला हेच ऐकवले असते का?’ त्या चटकन म्हणाल्या, ‘छे हो! तिला म्हटले असते, बाई, तुला काय स्वप्न पडले होते का असे होईल म्हणून?’ ‘मग हेच आज रात्री स्वतःला सांगा. नाव घेऊन सांगा.’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दुःख काही गेले नाही, ते कसे जाईल? पण महिन्याभरात झोप लागू लागली.

चिंता आणि संवाद यांत हाच फरक आहे. चिंता म्हणजे घाण्याचा बैल, रात्रभर चालतो आणि जागच्या जागीच असतो. संवादात प्रश्न असतो, आणि उत्तराची वाट पाहणे असते. पाठीला आधार देऊन बसावे, दोन-तीन मिनिटे श्वास सावकाश सोडावा आणि स्वतःला नावाने हाक मारून विचारावे, ‘आज नेमके काय खुपते आहे?’ मग थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो, आणि पहिले उत्तर पुष्कळदा वरवरचे असते. पुढचा प्रश्न, ‘यातले उद्या माझ्या हातात किती?’ दहा मिनिटांत उठावे. नावाने हाक मारण्यात अर्थ आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगी ‘मी’ न म्हणता स्वतःला नावाने किंवा ‘तू’ म्हणून संबोधणाऱ्यांना त्रास कमी झाला आणि त्यांचे भाषणही सरस झाले. आपल्याकडे कंटाळलेला माणूस ‘चल बाबा, ऊठ आता’ असे स्वतःलाच म्हणतो, ते उगाच नव्हे.

मात्र आतला आवाज म्हणजे देववाणी नव्हे. त्यात वडिलांचा धाक असतो, मास्तरांची छडी असते, शेजाऱ्यांची कुजबुजही असते. तो चुकतो. एका गृहस्थांना त्याने ‘आता गोळ्यांची गरज नाही’ असे सांगितले आणि त्यांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या. पंधरा दिवसांनी वरचा आकडा १९० भरला. गोळीच्या बाबतीत मनाचे ऐकू नये, यंत्राचे ऐकावे.

आणखी एक. आवाज मनात न येता बाहेरून, कानाने ऐकू येऊ लागला, शिव्या देऊ लागला किंवा हुकूम सोडू लागला, तर तो आतला आवाज नव्हे, तो आजार असू शकतो. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तरीही एकट्याने मनाशी बोलत बसू नये. अशा वेळी मांत्रिकाकडे नव्हे, मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, आणि मराठीतही बोलता येते.

‘एवढा निवांतपणा आम्हाला कुठला?’ असे बायका विचारतात, आणि ते खरेच आहे. पण त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. भाकरी थापताना, धार काढताना, शेताच्या वाटेने चालताना हात-पाय आपले काम करत असतात आणि मन रिकामे असते. तेव्हा बोलावे. ओठ हलले तरी हरकत नाही, घरच्यांना आधी सांगून ठेवले म्हणजे झाले. फक्त मोटारसायकलवर नको. तिथे रस्त्याकडे बघावे.