'सूट' हा शेरा पुसा

पी.टी.च्या तासाला वर्ग मैदानावर जातो आणि एक-दोन मुले दप्तरे राखायला मागे राहतात. 'त्याला कशाला त्रास' असे म्हणून हे काम मायेपोटीच दिलेले असते. तंदुरुस्तीच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 'सूट' असा शेरा पडतो आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा उतरवला जातो. हा शेरा पुसण्यासाठी आम्ही क्रीडाशिक्षक, विशेष शिक्षक, पालक आणि दिव्यांग खेळाडू एकत्र येत आहोत.

२०१९ मध्ये खेलो इंडियाचे मोबाइल अ‍ॅप आले आणि ५ ते १८ वयाच्या मुलांची तंदुरुस्ती शाळेतच नोंदवण्याची सोय झाली. त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण मोठ्या मुलांच्या चाचण्या पाहा: ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, कर्ल-अप, पुश-अप आणि बीएमआय. व्हीलचेअरवरच्या मुलीने यातले काय करायचे? ज्याला एक पाय नाही त्याचा बीएमआय नेहमीच्या सूत्राने काढला, तर तो आकडा खोटाच निघणार.

मनगटावरच्या पट्ट्यांचेही तेच. त्या पावले मोजतात. चाक ढकलणाऱ्या हातांची त्यांच्या लेखी हालचालच नाही. अ‍ॅपलने २०१६ मध्ये आपल्या घड्याळात चाकाचे धक्के मोजायची सोय केली, म्हणजे हे जमते. पण ते घड्याळ आमच्या शाळांच्या आवाक्यातले नाही.

सर्वांत मोठा अन्याय नाडीच्या आकड्यात होतो. हृदयाचे कमाल ठोके काढायला '२२० वजा वय' हे सूत्र सगळ्यांना लावले जाते. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांच्या हृदयाचे ठोके कमाल श्रमातही तितके वाढत नाहीत. मज्जारज्जूला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्यांचेही तसेच. ते मूल घामाघूम होऊन जीव तोडून खेळत असते आणि यंत्र म्हणते, 'श्रम कमी'. अशा यंत्राच्या भरवशावर मुलाच्या प्रगतिपुस्तकात श्रेणी लिहायला आमचा ठाम विरोध आहे.

योग्य मापन होऊ शकते. अमेरिकेत विनिक आणि शॉर्ट यांनी १० ते १७ वयाच्या मुलांसाठी ब्रॉकपोर्ट चाचणी तयार केली; ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या २७ प्रकारांतून त्या त्या मुलाला झेपतील आणि त्याच्या जगण्याला उपयोगी पडतील असे मोजकेच निवडायचे असतात. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर युद्धातल्या जखमांनी कमरेखाली अधू झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. त्यांच्या वेळेची नोंद झाली ती पाण्यात, जिथे त्यांचे शरीर चालत होते.

म्हणून सरकारी अ‍ॅपमध्येच चाचण्यांचे पर्याय हवेत: चाक ढकलण्याचे अंतर, हाताच्या पकडीचे बळ, दोरी धरून सोबत्याबरोबर धावणे. इशारा शिट्टीने द्याल तर कर्णबधिर मुलासाठी दिवाही लागला पाहिजे. अंध मुलीला तिचा आकडा फोनने वाचून दाखवावा, म्हणजे तो आधी तिला कळेल. तुलना मुलाच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशी व्हावी. नोंदी पालकांच्या संमतीशिवाय कुठेही जाऊ नयेत. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही मुलांसाठी तेच बजावतो.

हे उपकार म्हणून मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० मध्ये दिव्यांगांची क्रीडाक्षमता वाढवणारे तंत्रज्ञान विकसित करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.

अ‍ॅप बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. एक स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि साधा फोन प्रत्येक शाळेत मिळेल. क्रीडाशिक्षकांनो, येत्या चाचणीआधी विशेष शिक्षकांसोबत बसा, 'सूट' असलेल्या प्रत्येक मुलाला काय करायला आवडेल ते त्यालाच विचारा, डॉक्टरांनी घातलेली बंधने पालकांकडून समजून घ्या आणि त्या मुलाची पहिली नोंद करा.