जोडेवाल्यांना नाव कोणी दिले?

ख्रिस्ती संन्याशांच्या संघांविषयी वाचताना 'कॅल्स्ड' असा एक शब्द भेटला. अर्थ साधा: जोडे घालणारे. लॅटिनमध्ये 'काल्केउस' म्हणजे जोडा, आणि त्याच्याही मुळाशी 'काल्क्स', म्हणजे टाच. पण धर्मसंघाला असले नाव का पडावे? जोडे काय, कोणीही घालतो!

उत्तर स्पेनमध्ये सापडते. १५६२ साली आविला गावी तेरेसा या कार्मेलाईट संन्यासिनीने कडक नियमांचा वेगळा मठ काढला. तिच्या वाटेने जाणारे ते 'डिस्कॅल्स्ड', म्हणजे अनवाणी. तेव्हा कुठे मागे राहिलेल्यांना 'कॅल्स्ड' हे नाव चिकटले. तोवर शतकानुशतके ते नुसते कार्मेलाईट होते. भांडण मात्र नावापुरते राहिले नाही. तेरेसेचा सहकारी संत योहान याला १५७७ च्या डिसेंबरात जोडेवाल्यांनी पकडून टोलेडोच्या आपल्या मठात कोंडले. पुढच्या ऑगस्टात तो तेथून निसटला. १५९३ मध्ये अनवाण्यांचा संघ कायमचा वेगळा झाला.

गंमत अशी, की हे अनवाणी तसे अनवाणी नव्हतेच. तेरेसेने भगिनींसाठी जे नियम केले त्यांत दोरीच्या तळाच्या वहाणा सांगितल्या आहेत. चामड्याचा जोडा सोडला, की झाले अनवाणी!

आपला 'अनवाणी' शब्दही असाच नकारातून आलेला. संस्कृत 'उपानह' म्हणजे वहाण. ती नसलेला तो अनवाणी. त्याला विरुद्धार्थी असा रुळलेला शब्द मराठीत नाही. ज्याच्या पायात वहाण आहे त्याला वेगळे नाव घ्यावे लागत नाही, हे स्पेनमध्ये खरे आणि इथेही खरे.

पण मला ही शब्दांची जोडीच अपुरी वाटते. दोन्ही शब्दांत जोडा आधीपासून गृहीत धरला आहे. एकाने तो ठेवला, दुसऱ्याने काढला. ज्याला तो घालूच दिला नाही, तो कुठल्या संघातला? माझे पणजोबा गावातल्या वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घेत. ते पाहून त्यांना कोणी विरक्त म्हटले नाही. आजोबा सांगतात, वाडा मागे पडला की पणजोबा पुढच्या वळणावर बाभळीखाली बसत, आधी तळव्यातला काटा काढीत आणि मग वहाणा घालीत. त्या वहाणा त्यांनीच शिवलेल्या असत.