जुना घाट, खरी मुद्रा

१/ व्हायोला हे व्हायोलिनचे थोरले, खर्जातले भावंड. हॅन्डेल आणि योहान क्रिस्टियान बाख यांच्या नावावरील त्याचे दोन कॉन्चेर्टो आजही विद्यार्थ्यांना शिकवले जातात. दोन्ही त्यांचे नव्हेत.

२/ ते रचले फ्रेंच वादक आंरी काझादेस्यू यांनी, विसाव्या शतकात. हा बाख १७८२ मध्ये निवर्तला. ‘त्याचा’ कॉन्चेर्टो छापला गेला १९४७ मध्ये!

३/ ‘संगीत उत्तम आहे, मग नावाचा वाद कशाला?’ हा युक्तिवाद मला अमान्य आहे. अनुकरण हा गुन्हा नव्हे. खोटी सही हा आहे. तिच्यामुळे अठराव्या शतकाने व्हायोलाला काय दिले याचा हिशेबच चुकतो, आणि खऱ्या रचनाकाराचे श्रेयही बुडते.

४/ उलट उदाहरण आपल्या अमरावती जिल्ह्यातच आहे. गुरुकुंज मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’साठी ज्ञानेश्वरीतल्या ओवीचाच घाट घेतला, मुद्रा मात्र स्वतःची, ‘तुकड्या’. म्हणूनच विसाव्या शतकातले खेडे त्या ओव्यांत निःशंकपणे वाचता येते.

५/ आणि आपण? कोणाच्याही चार ओळींना ‘तुका म्हणे’ जोडून पुढे पाठवतो. ही भक्ती नव्हे. इतिहासाच्या दस्तऐवजातली खाडाखोड आहे. पाठवण्यापूर्वी एवढेच विचारा : हे गाथेत आहे काय?