घर सांभाळून करता येईल असं!

मी नऊ वर्षांची असताना मामाने दिवाळीला मुंबईहून मेकॅनोचा डबा आणला. भोकं पाडलेल्या रंगीत पत्र्याच्या पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट, एक छोटा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. डबा थोरल्या भावासाठी होता. मला लाकडी भातुकली. भावाला दोन दिवसांत कंटाळा आला. मी त्या पट्ट्यांची क्रेन केली, दोऱ्याने भातुकलीतला बंब उचलला आणि जाहीर केलं, "मी इंजिनिअर होणार!" सगळे कौतुकाने हसले. आजी म्हणाली, "आधी पोळी गोल करायला शीक."

दहावीला गणितात मला भावापेक्षा जास्त गुण मिळाले. तो पॉलिटेक्निकला गेला, मी डी.एड.ला. मला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "घर सांभाळून करता येईल असं काहीतरी कर." एका वाक्यात काम झालं. शिक्षिकेची नोकरी मी मनापासून केली, तिला कमी लेखत नाही. माझा राग त्या वाक्यावर आहे. ते भावाला कधीच कुणी ऐकवलं नाही.

"मुलींना उपजतच भातुकली आवडते," असं आजही सुशिक्षित माणसं सांगतात. त्यांना विचारा, मग दारं बंद का करावी लागली? १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी कमला भागवत यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, अटींवर आत गेल्या आणि १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. त्याच कमला सोहोनी. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं, तेव्हा कुठे त्यांना नोकरी मिळाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना देता यावी म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ज्यांना आवडच नाही, त्यांच्यासाठी 'येऊ नका' अशी पाटी कोण लावतं?

पण मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही बघू या. दर ८ मार्चला आपण 'पहिली महिला' शोधतो, तिला शाल देतो आणि घरी जातो. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. जिच्या घरात असं कुणी नाही, तिचं काय? २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. चांगलंच झालं. पण तो अर्ज भरायला मुलगी बारावीपर्यंत पोचायला हवी ना! चाळणी त्याआधीच लागते. सहावी-सातवीतच, कडेवर धाकटं भावंड, डोक्यावर हंडा आणि कानावर तेच वाक्य.

म्हणून मुलीला विमान किंवा डॉक्टरचा संच आणून दिला की झालं, असं मानू नका. खेळणं स्वप्न जागं करतं. ते मारतं घरकामाचं वाटप. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-वडील दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. पुस्तकातलं चित्र बदललं. आपला ओटा बदलला का? आपल्या कार्यकर्त्यांच्या घरचा?

भातुकली जाळू नका, ती मुलांच्या हातात द्या. घर सांभाळणं हे काम आहे, ते शिकावं लागतं, मुलग्यांनीही. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एकेकीला विचारा: नऊ वर्षांची असताना तुला काय व्हायचं होतं? कुणी, कोणत्या वाक्याने थांबवलं? ती वाक्यं फळ्यावर लिहा. मग प्रत्येकीने घरी जाऊन बघावं, त्यातलं कोणतं वाक्य आज आपणच लेकीला ऐकवतोय.

माझा तो स्क्रू ड्रायव्हर अजून आहे, स्वयंपाकघराच्या खणात. मिक्सर आणि इस्त्री मीच दुरुस्त करते. घर सांभाळून!